हिवरे बाजार : बांधाआधी नियम

हिवरे बाजार हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या नगर तालुक्यातले गाव. जिल्ह्याच्या ठिकाणापासून साधारण १७ किलोमीटरवर, डोंगरांनी वेढलेले. क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर, वस्ती बाराशे-तेराशेच्या घरात. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे इथे वर्षाकाठी सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, तोही मोजक्या दिवसांत. कोकणात जुलैच्या एखाद्या आठवड्यात जेवढा पाऊस कोसळतो, तेवढ्यावर या गावाला वर्ष काढायचे असते. तरीही गावात दोन हंगामांची पिके होतात, दुधाचा धंदा चालतो आणि शहरात गेलेली कित्येक कुटुंबे परत येऊन शेती करू लागली आहेत. हे कसे घडले ते सांगताना बहुतेक वेळा चर, बांध आणि झाडे मोजली जातात. पण तसेच चर आणि तसेच बांध महाराष्ट्रात इतरत्रही भरपूर झाले. त्यांपैकी अनेक गावांत उन्हाळ्यात पुन्हा टँकर येतो. हिवरे बाजार वेगळे ठरले ते बांधकामापेक्षा गावकारभारामुळे. गावाचे सरपंच राहिलेले पोपटराव पवार यांचे खरे काम तिथे आहे.

गावाची आधीची ओळख पैलवानांचे गाव अशी होती. तालीम होती, घरोघरी दुभते होते. १९७२च्या दुष्काळाने ही घडी मोडली. त्याआधीच डोंगरावरची झाडे सरपणासाठी आणि विक्रीसाठी तुटत चालली होती. दुष्काळात उरलेलीही गेली. उघड्या उतारावरून पावसाचे पाणी मातीसकट वाहू लागले आणि विहिरी पावसाळा संपताच तळ गाठू लागल्या. शेती पिकेना, म्हणून माणसे मजुरीसाठी पुण्या-मुंबईकडे गेली. जे मागे राहिले त्यांतल्या काहींनी हातभट्टीचा धंदा धरला. भांडणे, मारामाऱ्या, पोलिसांच्या फेऱ्या नित्याच्या झाल्या. सरकारी नोकरांना या गावची बदली शिक्षा वाटत असे. १९८९-९०च्या सुमारास लागवडीयोग्य जमिनीपैकी जेमतेम १२ टक्के जमीन कसली जात होती.

याच काळात, १९८९मध्ये, गावातल्या तरुणांनी पवारांना सरपंच होण्याचा आग्रह धरला. ते वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर पदवीधर, गावात सर्वांत जास्त शिकलेले आणि क्रिकेटचे चांगले खेळाडू. घरच्यांची अपेक्षा त्यांनी नोकरी धरावी किंवा खेळात नाव काढावे अशी होती. निवडणूक बिनविरोध झाली. २६ जानेवारी १९९०च्या ग्रामसभेपासून नव्या कारभाराची सुरुवात मानली जाते.

सरपंचाच्या हाती काय असते

इथे सरपंचपदाची ताकद नेमकी किती, हे पाहायला हवे. ग्रामपंचायतीचा कारभार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ या कायद्याने चालतो. सरपंच सभा बोलावतो, तिचे अध्यक्षपद सांभाळतो, ग्रामसेवकाच्या जोडीने धनादेशावर सही करतो. पण तलाठी महसूल खात्याचा, कृषी सहायक कृषी खात्याचा, वनरक्षक वन खात्याचा आणि शिक्षक जिल्हा परिषदेचा. यांतल्या कोणावरही सरपंचाचा हुकूम चालत नाही. झाड तोडणाऱ्याला किंवा बोअर घेणाऱ्याला अडवायला त्याच्याकडे पोलीस नसतो. घरपट्टी आणि पाणीपट्टी हे पंचायतीचे हक्काचे उत्पन्न, आणि ते वसूल करायला गेले की मते जातात, ही भीती प्रत्येक सरपंचाला असते.

म्हणजे सरपंचाकडे अधिकार थोडे, पण गावाला एका जागी बसवण्याची सोय मात्र मोठी. ही सोय म्हणजे ग्रामसभा. गावातला प्रत्येक मतदार तिचा सभासद. १९९३च्या एप्रिलमध्ये लागू झालेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत जागा दिली. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे त्यांचे रूढ दिवस. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती पुरते. ती नसेल तर सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेल्या सभेला पुढे गणपूर्तीची अट राहत नाही. पुष्कळ गावांत ग्रामसभा या पळवाटेतूनच उरकली जाते: रजिस्टर घरोघरी फिरते, सह्या होतात, ठराव आधीच लिहिलेले असतात. हिवरे बाजारने हीच सभा खरोखर भरवली. ऐकायला साधी वाटणारी ही गोष्ट पुढच्या सगळ्या बदलांचा पाया आहे.

नव्या पंचायतीने पहिले काम घेतले ते शाळेचे. पाण्याची एवढी ओढ असताना शाळा आधी का, असा प्रश्न पडू शकतो. कारण उघड आहे. बांधाचा फायदा कोणाच्या विहिरीला जास्त, कोणाच्या विहिरीला कमी होतो, म्हणून त्यावर वाद होतात. शाळा सगळ्यांच्या मुलांची. वर्गखोल्या आणि मैदानासाठी गावकऱ्यांनी जमीन सोडली, श्रमदान केले. ज्या गावात दोन गट एकमेकांच्या दारात जात नव्हते, तिथे एकत्र हात लागलेले हे पहिले काम. शाळा उभी राहिली तशी ग्रामसभेत ठरलेले खरेच होते, हा भरवसाही आला.

दारूबंदीचा मार्गही लक्ष देण्यासारखा आहे. गावात दारूचे २२ अड्डे होते, ते बंद झाले. केवळ पोलीस आणून भट्ट्या फोडल्या असत्या, तर त्या महिनाभरात पुन्हा पेटल्या असत्या, हा इतर गावांचा अनुभव. इथे भट्टीवाल्यांना दुसरा धंदा उभारण्यासाठी बँकेचे कर्ज मिळवून देण्यात ग्रामसभेने पुढाकार घेतला. (परवान्याच्या दुकानांसाठी महाराष्ट्रात वेगळी वाट आहे. महिला मतदारांनी मागणी केल्यास गुप्त मतदान होते आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ‘आडवी बाटली’वर शिक्का मारला, तर दुकान बंद होते. राज्यातल्या अनेक गावांत बायकांनी ही लढाई जिंकली आहे.)

कुऱ्हाड, चराई आणि घाम

जवळच्याच पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी आहे. सैन्यातून निवृत्त होऊन १९७५मध्ये गावी परतलेल्या अण्णा हजारे यांनी तिथे यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धारापासून काम सुरू केले होते. नालाबांध, पाझर तलाव, श्रमदान, दारूबंदी यांतून राळेगणचे रूप पालटले होते. हिवरे बाजारने तिथली पंचसूत्री उचलली: श्रमदान, नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि कुटुंबनियोजन. राज्य सरकारने १९९२मध्ये आदर्श गाव योजना आणली तीही याच सूत्रांवर. १९९४मध्ये हिवरे बाजार तिच्यात दाखल झाले.

या पाचांत सगळ्यांत अवघड चराईबंदी. उतारावर चर खणला आणि वरच्या अंगाला गवत नसेल, तर दोन-तीन जोरदार पावसांत तो गाळाने भरतो. गवत हवे तर गुरे-शेळ्यांना मोकळे सोडून चालत नाही. म्हणजे चराईबंदीशिवाय जलसंधारण म्हणजे दर दोन वर्षांनी वाया जाणारा खर्च. पण या बंदीचा पहिला मार बसतो तो शेळीवर जगणाऱ्या माणसाला. ज्याला शेत नाही, त्याच्या मालकीचे तेवढेच असते. आदर्श गावाच्या गौरवकथांत हा माणूस सहसा दिसत नाही, आणि तो दिसायला हवा. हिवरे बाजारने यावर काढलेला तोडगा असा: डोंगरावर जनावर न्यायचे नाही, पण नाममात्र शुल्क भरून विळ्याने गवत कापून न्यायला मुभा. गवत वाढले तसे गोठ्यात बांधून दुभती जनावरे पाळणे परवडू लागले. नव्वदच्या दशकाच्या मध्यात गावातून दिवसाला जेमतेम दीडशे लिटर दूध निघत होते. पुढच्या दीड दशकात ते तीन-चार हजार लिटरपर्यंत गेले.

डोंगरावरच्या कामाला १९९२-९३मध्ये वेग आला. सामाजिक वनीकरण विभागाच्या मदतीने उजाड झालेले सुमारे ७० हेक्टर वनक्षेत्र आणि विहिरींचे पाणलोट पुन्हा हिरवे करण्याचे ठरले. गावकऱ्यांनी श्रमदानातून उतारांवर सुमारे ४० हजार समतल चर खणले. समतल चर म्हणजे डोंगराच्या एकाच उंचीच्या रेषेवर खणलेला चर. वरून धावत आलेले पाणी त्यात थांबते, जिरते, आणि त्याच ओलीवर शेजारचे रोप जगते. १९९३चा पावसाळा संपला तेव्हा ओलिताखालचे क्षेत्र २० हेक्टरांवरून ७० हेक्टरांवर गेले होते. ग्रामसभेतल्या कोणत्याही भाषणापेक्षा या पन्नास हेक्टरांनी शंकेखोरांची मने जास्त वळवली असणार.

पुढचे काम केवळ श्रमदानाने होणारे नव्हते. नालाबांध, मातीबांध, पाझर तलाव, शेतांची बांधबंदिस्ती यांना पैसा लागतो. गावाने आपला पंचवार्षिक आराखडा आधी बनवला आणि मग तो घेऊन निरनिराळ्या सरकारी यंत्रणांकडे गेले. रोजगार हमी योजनेतून सुमारे ४२ लाख रुपयांचे काम झाले, हेक्टरी चार हजार रुपयांच्या हिशेबाने सुमारे हजार हेक्टर क्षेत्रावर. रोजगार हमी ही वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली आणि ७२च्या दुष्काळात राज्यभर पसरलेली योजना. तिच्यात खडी फोडण्याची आणि अर्धवट रस्त्यांची कामे पुष्कळ झाली, कारण काम कोणते घ्यायचे हे गावाला विचारले जात नसे. हिवरे बाजारने तोच पैसा, त्याच नियमांत, आपल्या आराखड्यावर खर्च करून घेतला. गावपुढाऱ्याच्या कामाचा हा भाग फोटोत येत नाही: कोणत्या खात्याकडे कोणत्या शीर्षाखाली निधी आहे, तो मार्चआधी कसा मिळवायचा, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली का, हे पाहत तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कचेऱ्यांत घालवलेले दिवस. १९९३मध्ये गावाने या कामांसाठी यशवंत कृषी, ग्राम व पाणलोट विकास संस्था स्थापन केली. त्यामुळे पंचायतीची मुदत किंवा ग्रामसेवकाची बदली यांच्यावर काम अडून राहिले नाही.

पाण्याचा ताळेबंद

इथपर्यंतची वाट राळेगण आणि इतर काही गावेही चालली होती. हिवरे बाजारने त्यापुढे टाकलेले पाऊल म्हणजे पाण्याचा ताळेबंद, आणि त्याचे महत्त्व समजण्यासाठी पायाखालचा खडक समजायला हवा. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. या खडकात गंगेच्या खोऱ्यासारखा वाळूचा खोल थर नाही. पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. साठा उथळ, पावसाळ्यात भरणारा आणि वापराने वर्षभरात रिकामा होणारा. शिवाय तो एकाच्या सातबाऱ्यावर थांबत नाही. एका शेतकऱ्याने जास्त उपसले की शेजारच्याची विहीर आटते. बांधांनी साठा वाढतो हे खरे, पण पाणी दिसू लागले की लोक ऊस लावतात, बोअर घेतात, आणि वाढलेला साठा दोन-तीन वर्षांत संपतो. जलसंधारणाची कितीतरी गावे अशी यशानेच कोरडी पडली.

म्हणून पाणी अडवण्याइतकेच ते किती आणि कशासाठी वापरायचे हे ठरवणे गरजेचे होते. गावात पर्जन्यमापक बसवले गेले, काही विहिरी निरीक्षणासाठी ठरवल्या. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे तांत्रिक साहाय्य मिळाले. पावसाळा संपला की पाऊस किती झाला, जमिनीत किती मुरला, विहिरींची पातळी कुठे आहे याचा हिशेब मांडला जातो. शाळेतली मुलेही या मोजणीत असतात. हा हिशेब ग्रामसभेसमोर फळ्यावर येतो. त्यातून आधी माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचे आणि घरगुती वापराचे पाणी बाजूला काढायचे. उरलेल्यातले ७० टक्के शेतीला आणि ३० टक्के पुढच्या वर्षासाठी जमिनीतच राहू द्यायचे. मग रब्बीत कोणते पीक किती घ्यायचे याचा निर्णय होतो. पाऊस कमी झाला असेल तर जास्त पाणी पिणाऱ्या पिकांवर त्या वर्षी काट, आणि जमेल तिथे ज्वारी, हरभरा, चारा. पाऊस बरा असेल तर कांदा, बटाटा, भाजीपाला, फुले.

याच्या जोडीला दोन कडक नियम आहेत. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही. ऊस आणि केळी यांसारखी पिके पाटपाण्यासारखे पाणी सोडून घ्यायची नाहीत. बोअरबंदीमागे खडकाचेच कारण आहे. साधी विहीर उथळ साठ्यातले, दर पावसाळ्यात भरणारे पाणी घेते. तीनशे-चारशे फूट खोल बोअर खालच्या भेगांतले पाणी ओढते, आणि ते पुन्हा भरायला अनेक पावसाळे लागतात. विहीर उघडी असते, तिची पातळी सगळ्या गावाला दिसते. बोअरमध्ये काय उरले आहे ते मालकालाही दिसत नाही. याखेरीज बाहेरच्यांना जमीन विकायची नाही असेही गावाने ठरवले. पाणी आले की जमिनीचे भाव चढतात, आणि शहरातला पैसा शिरला की ताळेबंदाला बांधील नसलेला मालक गावात येतो.

नगर जिल्हा हा साखर कारखान्यांचा जिल्हा. अशा जिल्ह्यात उसाला आवर घालण्याचा ठराव करणे किती कठीण होते, हे महाराष्ट्राच्या राजकारणाची थोडीफार माहिती असलेल्या कोणालाही कळेल. कायद्याचे म्हणाल तर पिण्याच्या पाण्याचे रक्षण करणारा राज्याचा भूजल कायदा १९९३मध्ये झाला. सार्वजनिक पाणीस्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर त्यात निर्बंध होते. २००९चा त्याहून व्यापक कायदाही पुढे आला. पण जिल्हाधिकाऱ्याने दर शिवारात माणूस उभा करणे शक्य नाही, आणि बोअरचा ट्रक रात्री येतो. हिवरे बाजारच्या ठरावामागे तुरुंग नाही, दंडाची मोठी रक्कमही नाही. ज्या सभेत स्वतः हात वर केला, त्याच सभेत उद्या बसायचे आहे, एवढीच त्याची सक्ती. हिशेब उघड असल्यामुळे शेजाऱ्याने किती घेतले हे कळते, आणि आपणच मूर्ख ठरलो अशी भावना येत नाही. नियम सरपंचाच्या शेतालाही तसाच लागू आहे, आणि तसा लागू नसता तर तो एक हंगामही टिकला नसता.

परिणाम आकड्यांत दिसतात. १९९५च्या पाहणीत गावातल्या १८० कुटुंबांपैकी १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. १९९८मध्ये ती ५३ उरली आणि पुढे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. १९९२ ते २००२ या दहा वर्षांत सुमारे ४० कुटुंबे शहरांतून परत आली. २००७मध्ये गावाला राष्ट्रीय जल पुरस्कार मिळाला, २०२०मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली. सभा घेऊन ठरवण्याची आणि ठरवलेले पाळण्याची सवय पाण्यापुरती राहिली नाही. लग्नाआधी एचआयव्ही चाचणी, घरोघरी शौचालय हे निर्णय त्याच वाटेने झाले. २०२१मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गावकऱ्यांची पथके घरोघरी तपासणी करत होती, रुग्णांना वेळीच वेगळे ठेवले जात होते, आणि गाव लवकर कोरोनामुक्त झाले.

एकमत आणि धाक

अशा नेतृत्वाबद्दल एक अडचणीचा प्रश्न विचारलाच पाहिजे: गावाचे एकमत कुठे संपते आणि धाक कुठे सुरू होतो? राळेगणमध्ये सुरुवातीच्या काळात दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याचे अण्णा हजारे यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. हेतू चांगला असला तरी ही शिक्षा देण्याचा अधिकार कोणत्याही गावाला नाही. कुटुंबनियोजनाचा नियम किंवा लग्नाआधीची चाचणी हेही माणसाच्या अगदी खासगी निर्णयात शिरणारे ठराव आहेत. लहान गावात ‘सर्वांनी मिळून ठरवले’ या शब्दांखाली एखाद्या घराची नापसंती सहज दबते, विशेषतः ते घर गरीब असेल, एकाकी असेल किंवा अल्पसंख्य जातीचे असेल. हिवरे बाजारमध्ये मुसलमानांचे एकच कुटुंब आहे. त्यांच्यासाठी गावाने मशीद बांधून दिली. एकट्या घराची दखल घेणे हीच ग्रामसभेच्या खरेपणाची कसोटी आहे, म्हणून हा तपशील मोलाचा.

या प्रश्नाचे सर्वांत विचारपूर्वक उत्तर मेंढा (लेखा) या गावाने दिले आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातले हे गोंड आदिवासींचे छोटे गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्याची घोषणा महाराष्ट्रभर पोचली. देवाजी तोफा यांचे नाव या गावाशी जोडलेले असले, तरी तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेवर जातो. निर्णयाला वेळ लागतो, पण झालेला निर्णय कोणावर लादलेला नसतो. सभेआधी विषय समजून घेण्यासाठी अभ्यासगट बसतो आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या बाहेरच्या मित्रांनी त्यात माहिती पुरवली, निर्णय घेतले नाहीत. वनहक्क कायदा, २००६खाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा आहे. २००९मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्याचा हक्क मान्य झाला. हक्क मिळूनही बांबू विकायला वन खाते वाहतूक परवाना देईना. शेवटी एप्रिल २०११मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा गावाने वेगळाच धागा पकडला. भास्करराव पेरे यांच्या पुढाकाराने तिथे जो कर भरतो त्याला पंचायतीच्या गिरणीत दळण फुकट मिळू लागले. पट्टी वसूल करणे म्हणजे मते गमावणे, ही जुनी समजूत त्याने खोटी ठरवली. कराचा मोबदला रोज चुलीपाशी पोचत असेल, तर लोक आनंदाने कर भरतात.

नेत्यानंतर काय, हा प्रश्न या सगळ्या गावांपुढे आहे. सरपंचपदाचे आरक्षण दर निवडणुकीत बदलते. महाराष्ट्रात २०११पासून पंचायतीतल्या निम्म्या जागा महिलांसाठी आहेत. थेट जनतेतून सरपंच निवडण्याची पद्धत २०१७मध्ये आली, २०२०मध्ये गेली आणि २०२२मध्ये परत आली. एकच माणूस सलग सरपंच राहील याची कसलीच शाश्वती नाही, आणि लोकशाहीत ती नसावीच. हिवरे बाजारमध्येही पद आरक्षित झाल्यावर महिला सरपंच झाल्या आणि पवार उपसरपंच म्हणून काम करत राहिले. यात एक धोका आहे. पदावर कोणीही असले तरी शब्द एकाचाच चालतो असे झाले, तर महिलेचे सरपंचपद नावापुरते उरते. गावाच्या तीन दशकांहून अधिक काळाच्या वाटचालीत हा भाग अजून पुरता सुटलेला नाही.

जानेवारी २०२१मध्ये या नेतृत्वाची परीक्षा झाली. हिवरे बाजारमध्ये सुमारे तीस वर्षांनी पहिल्यांदा ग्रामपंचायतीची निवडणूक लढवली गेली. तोवर ती बिनविरोध होत असे. पवारांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या. त्याच वेळी पाटोद्यात मात्र मतदारांनी सत्तांतर केले. बिनविरोध निवडणूक हे आदर्श गावाचे भूषण मानण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पण तीस वर्षांनंतर कोणी विरोधात उभे राहिले, त्याला प्रचार करता आला, मते मिळाली, आणि निकालानंतर चराईबंदी किंवा ताळेबंद मोडला नाही, हे त्या गावासाठी अधिक चांगले लक्षण मानायला हवे.

या अनुभवाचा प्रसार करण्याचे काम आदर्श गाव योजनेतून चालते, आणि पवार तिच्या राज्य समितीचे कार्याध्यक्ष राहिले आहेत. मूळ पंचसूत्रीत लोटाबंदी (उघड्यावर शौचाला बंदी) आणि बोअरवेलबंदी यांची भर पडून आता सप्तसूत्री झाली आहे. योजनेत यायचे तर गावाने आधी ग्रामसभेत ही सूत्रे पाळण्याचा ठराव करायचा, श्रमदान करून दाखवायचे आणि काम करणारी स्वयंसेवी संस्था ग्रामसभेनेच निवडायची. निधी त्यानंतर येतो. सरकारी योजनांत हा क्रम विरळा. बहुतेक ठिकाणी निधी आधी मंजूर होतो आणि ठरावाची प्रत नंतर फाइलला लागते. आदर्श गाव योजनेतल्या गावांतले सरपंच, ग्रामसेवक आणि तरुण हिवरे बाजारला प्रशिक्षणासाठी येतात. त्यांना डोंगरावरचे चर दाखवले जातात, आणि त्यासोबत फळ्यावर मांडलेला त्या वर्षीच्या पाण्याचा हिशेबही.